वाळूत पुरलेला बाहुला

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. मुलांना खेळातून बोलतं करणाऱ्या दोघी शेजारी डबा खात होत्या, एक मुरलेली, एक नवखी.

“ताई, त्या पोरीनं आजही बाबा म्हणून घेतलेला बाहुला वाळूच्या पेटीत पुरला. मी काढला बाहेर.”

“का गं?”

“महिन्यापूर्वीच गेलेत तिचे बाबा. मला बघवेना. म्हटलं, बघ, बाबा कसे हसतायत!”

“मग?”

“पाठ फिरवून बसली.”

“बसणारच. तिनं हिंमत करून पुरला आणि तू उकरलास.”

“मग काय, नुसती बघत बसू?”

“बस की. दिसतं तेवढंच म्हण, ‘बाबांना झाकलंस.’ का म्हणून विचारू नकोस. आणि ‘सगळं ठीक होईल’ हे तर मुळीच नको.”

“आता माझ्याशी बोलेल का ती?”

“उद्या बाहुला तिच्या हातात दे. सांग, मी चुकले.”

मी आत गेले.

“काय म्हणाले डॉक्टर?” आईनं विचारलं.

महिनाभर मी एकच उत्तर देत आले होते, ‘सगळं ठीक होईल.’

“तू बरी होणार नाहीस, आई,” मी म्हणाले. “मला फार भीती वाटतेय.”