तात्यांचा काळा पडदा

तुम्ही हसता ना, की माझा लिनक्सवाला कॉम्प्युटर अजून काळ्या पडद्यावरच उघडतो? त्याला कारण माझे वडील, आमचे तात्या. उधन्याच्या कारखान्यांत उभा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेला, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलतात.

लिनक्स टाकलं त्या दुपारी मला व्यापाऱ्याला साडीचं डिझाइन पाठवायचं होतं, आणि समोर नुसता काळा पडदा न् एक लुकलुकती रेघ. पुढं काय लिहायचं तेच मला आठवेना. तात्या शेजारी येऊन बसले.

"बंद शे का?"

"चालू आहे. माझी वाट बघतंय."

"कितला येळ?"

"मी सांगेपर्यंत."

ते त्या रेघेकडं बघतच राहिले, तापीकाठी बसल्यासारखे. तेवढ्यात मला आठवलं, नेहमीचा चित्रांचा डेस्कटॉप आणायला 'स्टार्टएक्स' लिहावं लागतं. लिहिलं. एंटर दाबणार, तोच त्यांनी माझा हात धरला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरासं. मन्हासाठे आजलोंग एक मशीन थांबनी नही."

डेस्कटॉप आपोआप उघडायची सोय असते, मला माहीत आहे. पण रोज सकाळी तात्या चहाचा कप घेऊन पडद्यासमोर खुर्ची ओढतात. त्यांचा चहा संपेपर्यंत मी एंटर दाबत नाही.