भुईआवळीचा नेम

तळहात पिवळे आणि डोळे पांढरेस्वच्छ — ही कसली कावीळ, भिवाजी? बस. उजेडाकडे तोंड कर. कावीळ आधी डोळ्यांत दिसते; तुझी मात्र थेट हळदीच्या डब्यातून आलेली दिसते. रक्त तपासलंस? नाही ना. भुईआवळीचं औषध मी देते, पण डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नाही. कामावर रजा हवी असेल — राहू दे, सांगू नकोस. ऐक. आमच्या कळव्याच्या जावयांना, सहदेवरावांना, अशीच कावीळ झाली होती — मालूची डी.एड.ची परीक्षा तोंडावर आली तेव्हा. नवरा अंथरुणावर, मग बायकोने डोंबिवलीला पेपर लिहायला जायचं कसं? मालू रडत आली, ‘आई, यंदाही राहिलं.’ यंदाही — म्हणजे बघ. मी गेले, डोळे पाहिले. म्हटलं, जावईबापू, माझ्याकडे कोपरीला चला. या औषधाला सासूच्याच हातचं पथ्य लागतं, पत्नीची सावलीसुद्धा चालत नाही. कोणत्या ग्रंथात आहे, ते तू विचारू नकोस.

मग रोज पहाटे भुईआवळीचा रस, त्यावर कुटकीचा काढा — कडू म्हणजे किती, ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचावं — आणि दोन्ही वेळा मऊ भात नि ताक. शेजारची चंद्रभागा बोंबील तळायची. खिडकी मी उघडी ठेवायचे. रोग्याला हवा हवी. हसतोस काय? मला त्यात आनंद नव्हता — थोडा होता.

मालूचा शेवटचा पेपर झाला आणि त्याच संध्याकाळी जावयांना गुण आला. आता आमच्या घराण्याचा नेम असा — औषधाचं मोल घ्यायचं नाही. बऱ्या झालेल्याने देवासमोर आवडता पदार्थ जन्मभर सोडायचा. ते म्हणाले, कारलं. मालू दारात उभी होती. म्हणाली, ‘कारलं तुम्ही खाता कधी? बोंबील म्हणा.’ नाही म्हणावं, तर कावीळ खोटी ठरते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — मी समईची वात सारखी करत होते.

तर, काढा ठेवू? सोडायला तुझ्या आवडीचा चहा आहे, ठाऊक आहे मला. नको? मग मोरीत साबण आहे, हात धू आणि कामावर जा. आणि रविवारी मालू नि जावई येतील, तेव्हा त्यांच्यासमोर मासळीचा विषय काढू नकोस. चंद्रभागेचा तवा तापला की ते अजूनही खिडकीपाशी पाट मांडून घेतात, आणि वरणभात जेवतात.