शेळ्यांचे खडे

सोमवारी सकाळी सिद्धेश्वरी सोलापूरहून सांगोल्याच्या एसटीत बसली. गावच्या शाळेवर रुजू होऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. मांडीवरच्या पिशवीत पोरांनी वर्गात आणलेले खडे होते. रविवारी घरी बसून तिने ते हौसेनं रंगवले होते. पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"गोजाआक्का, नातीची नवी बाई कशी हाय?"

"कसली बाई! पोरांना म्हणती, घरी जेवढ्या शेळ्या तेवढं खडं आणा. त्याच्यावर म्हणं गणित शिकवायचंय."

"मग आणू द्या की."

"आमच्या शेळ्या हिला कशाला मोजायच्यात? आज पोरांकडनं मोजून घेतील, उद्या फारेस्टवाला दारात. चाराय बंदी."

"मग काय केलं?"

"सोनीनं बेचाळीस खडं भरलं हुतं. मी गुपचूप दप्तरातनं तीस काढलं."

"आन् तितं?"

"बाईनं दोनदा मोजाय लावलं. पुढ्यात बारा खडं, तरी पोरगी बेचाळीसच म्हणती. बाईनं तिला तिसरीतनं उठवून पयलीत बसवलं. लई रडली."

"आता खरं सांगून टाका बाईला."

"त्या बाईला? अजून बघितली बी न्हाई मी. आधी तोंड बघीन, मग सांगीन."

गतिरोधकावर एसटी आदळली, तशी पिशवी खडखडली. गोजाबाई मागं वळली.

"काय वाजतंय ओ पिशवीत?"

"शेंगा," सिद्धेश्वरी म्हणाली.

गोजाबाईनं आधी पिशवीकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं.

"शेंगा आशा वाजत न्हाईत."