गिना आजीचा नियम

—ती नियमांची वही मला नको दाखवूस, विहरा. माझ्याच तोंडची आहे ती. तुमच्या नर्सिंग कॉलेजात दर मंगळवारी मुलींच्या सरावासाठी पोटाला उशी बांधून खोटी बाळंतीण कोण व्हायचं? मीच ना. तुमच्या कोलारोवा बाई पेन घेऊन उशाशी— 'गिना आजी, तुम्हा रोमा लोकांत बाळंतपणात काय चालतं, काय नाही? मुलींना शिकवायचंय.' लाल दोऱ्याचं सांगितलं, ते खरंय, दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या मनगटाला बांधतो. पण बाईंचं आपलं 'आणखी? आणखी?'— आणखी कुठून आणू? मग दिलं ठोकून. म्हटलं, सोबतच्या म्हातारीला आधी कॉफी द्यावी लागते, दोन चमचे साखर घालून. हसतेस काय, ही आत्ता तूच आणून दिलीस की.

आणि बाळ होईपर्यंत घरातल्या म्हातारीनं खोलीत थांबायचं नाही, हा नियमही माझाच. असलं काही अख्ख्या बल्गेरियात नसतं गं. मग का सांगितलं? माझ्या पहिल्या वेळी सासू उशाशी बसलेली. मी कळा सोसतेय आणि ती म्हणतेय, एवढं काय ओरडायचं, आम्ही नाही सहा काढली? तेव्हा तिला बाहेर घालवता आलं नाही, ती चाळीस वर्षांनी तुमच्या वर्गात घालवली. फार बरं वाटलं बघ.

पण सेवदाचं वेगळं आहे. नात असली तरी आई गेल्यापासून मीच वाढवलीय तिला, आणि आज तिची पहिली खेप— तिच्याजवळ मी नाही तर कोण? सकाळी होते की तासभर आत, मग तुम्ही नर्सनी दंडाला धरून बाहेर आणलंत. काही बोलले का मी? एवढंच म्हटलं, अगं, एवढं काय ओरडतेस, मी पाच—

हं. ते असू दे. वही मीट आणि तिलाच विचार जा, आजी हवी का. वहीला काय कळतंय. जा, मी बसते इथं.

आलीस? काय म्हणाली? खाली काय बघतेस, सांग की. 'आजीचाच नियम पाळा'? असं म्हणाली? हसत की रडत?

बरं.

हा दोरा घे. आजीनं दिलाय म्हणून सांग, आणि आजी दाराबाहेरच आहे म्हणावं. आणि ओरड म्हणावं पोटभर, इथवर ऐकू आलं पाहिजे मला. माझ्याकडे काय बघतेस? जा आत, दार लाव.