रॉक्सबी साहेबाचं इनाम

अवो मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू, ते झुकते — नाई नाई, खुर्ची चांगली हाय, फरशीच जराशी — तुमी इकडं बसा, माझ्या शिलाई मशीनपाशी. मशीनच्या एका पायाखाली वीट दिसते ना, ते अशीच ठेवली, त्याचं काई नाई. तर काय सांगत होतो मी? हां, रॉक्सबी साहेब. तुमी सरकारातून घराखालची जमीन तपासाले आल्या, तुमच्याजवळ यंत्र हाय, सगळं मान्य. पन ही जमीन कोनाची, कोनं दिली, हे यंत्र सांगन का? नाई सांगत. ते रफीक टेलर सांगन. चहा टाकू? थांबा, पहिले ऐका.

साहेब म्हंजे कोनी ऐरागैरा नोता. विलायतेत बापाची जहागीर, किल्ला, हरणाचं रान! पन तिथला रिवाज असा का सगळं थोरल्याले. दुसरा फौजेत गेला, तिसरा पादरी झाला, अन् हा चौथा — याच्यासाठी जमिनीच्या वर काई उरलंच नाई, तर गडी जमिनीच्या खाली गेला. जर्मनीत खाणीचं शिकला अन् आला सीधा आपल्या चांद्याले, कोळशाच्या खाणीचा मोठा साहेब होऊन. नागपुरावरून बैलबंडीत आला, अन् बंडीत काय? आंघोळीचं टब! इथी लोकं वर्धा नदीत डुबकी मारून राह्यले अन् हा नवाब टबात बसते. पन कामाले वाघ. खाणीत पहिले स्वतः उतरे, मांगं माझा परदादा नबीबक्ष, दिवा घेऊन. साहेब हातातल्या छडीनं छत ठोके — या मापाच्या गजानं दाखवतो तुमाले, असं — टन् वाजलं तर छत पक्कं, अन् ढब वाजलं तर — हे फरशी हाय मॅडम, हिचा आवाज असाच येते. तिकडं नका पाहू. कोनी मजूर मेला का साहेब टोपी काढून जनाज्याच्या मांगं उभा राहे. खानदानी मानूस! आजकालच्या अफसरात हाय हे? तुमाले नाई म्हनत, तुमी बसा.

बाहेर काऊन पाहून राह्यल्या? गाडीवाला थांबन तुमचा. मले तुमच्याकडून एकच गोष्ट पाह्यजे. घर मजबूत हाय, एवढंच म्हना. रफीकभाऊ, राहा बिनधास्त — बस. पोरगा माझा जिशान, तो मोहर्लीले जिप्सी चालवते, वाघ दाखवते पाहुन्याइले, हप्ता हप्ता घरी येत नाई. घरात सून, निशात, अन् नात आफ्रीन. तिघं आमी. आता मी एकटाच, काळजीनं जीव जाते माझा. एका जागी बसवत नाई, शिवाले घेतलं तर टाका सुटते. काऊन गेल्या म्हंजे? त्या चिरीपायी. हे, भिंतीतली. आफ्रीननं तिच्यात कंचा, काचेची गोटी, टाकला अन् कान लावून बसली. मले म्हने, दादा, पडल्याचा आवाजच नाई आला. लेकरू हसून राह्यलं होतं. निशातनं ते ऐकलं, पोरीले कडेवर घेतलं अन् सीधी नागभीडले, मायच्या घरी.

जायचं त जा बापा! पन दारात उभी राहून म्हनते काय — अब्बा, साहेबलोकं चांगली जागा कोनाले फुकट देतात का? पेटलो मी. म्हटलं, तू कोनाच्या जबानीवर शक करून राह्यली? या पुऱ्या वस्तीत इनामाची जागा एकच, आमची! साहेबानं जाता जाता परदादाच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हटलं, नबीबक्ष, ही पुरी टेकडी तुझी. दादाले त्याच्या बापानं सांगतलं, बापाले दादानं, मले बापानं. लग्नात, मयतीत, जिथी बसलो तिथी आमी हेच सांगत आलो.

अन् मोठा किती झाला पुढं, मालूम? नागपूरचे एक प्रोफेसर येऊन गेले, त्यानं सांगतलं — इथून गेला तो कलकत्त्याले, साऱ्या खाणीवरचा अफसर, ‘सर’ झाला, म्हातारा होऊन आपल्या पलंगावर मेला. बढती अशीच भेटली का? इथल्या शेवटच्या वर्षी त्यानं असा कोळसा काढून दाखवला का विलायतेत वाहवा झाली! बंद व्हाले आलेली खाण, अन् ढीगच्या ढीग — काय? कुठून निघाला म्हंजे? खाणीतूनच, अजून कुठून? संपला होता त काय झालं, खांब होते ना. छताले धरून ठेवाले कोळशाचेच खांब सोडतात, ते — माझा परदादाच दिवा धरून उभा राहे. मागं सरत सरत एक एक खांब काढत आले, या टेकडीपर्यंत... सांगे ना तो, काम झालं का सगळे पळत, अन् साहेब छडी घेऊन मांगं...

या टेकडीखालचेच.

नाई, तब्येत ठीक हाय माझी. पानी नको. खांब पहिले काढले, मॅडम. जागा मंग दिली. एवढं सोपं हाय ना? सत्तर वर्षाचा झालो, लोकाच्या कपड्यातला सुताभराचा फरक ओळखतो मी, अन् हे... त्याले माहीत होतं. टोपी काढे, खांद्यावर हात ठेवे, अन् त्याले माहीत होतं.

थांबा, फोन. निशातचाच हाय, आज तुमी येनार हे सांगतलं होतं मीच. — हां बेटा. हां, मॅडम बसल्या हायेत समोर. तू कुठी? स्टेशनवर? तिकीट काढलं? ... नाई. नाई बेटा, नको येऊ. अगं, मॅडम काई बोलल्याच नाई अजून, मीच सांगून राह्यलो. तू खरं बोलली होतीस. ऐकलं का? तू खरं बोलली. आफ्रीनले दे जरा — नाई, राहू दे, आता नको देऊ. जिशानले म्हनावं तिकडंच खोली पाह्य.

मॅडम, ते यंत्र उचला. जे दिसलं तेच लिहा, मी काई म्हननार नाई. चहा? चहा राहू द्या आता. मले पहिले बाजूच्या घरी जाऊ द्या. बायनाबाईच्या. नवरा गेला तिचा, दोन लेकरं घेऊन उघड्यावर आली होती, तवा टेकडीचा हा पलीकडचा कोपरा मीच दिला तिले, घर बांध म्हटलं. पैसा नाई घेतला. सारी वस्ती म्हने, रफीकभाऊ, तुमी साहेबासारखे हाय.

आडव्या काऊन येता? सरका तुमी. दारातून सरका.