गायकवाडांचे बर्फातले टायर

तुम्हाला सांगते, चौकशी केल्याशिवाय मला चैनच पडत नाही. आमच्या शेजारचे गायकवाड जहाजावर इंजिनियर. त्यांनी गाडीला बर्फात चालवायचे टायर बसवले, तेही सिंगापुरात! परवा त्यांच्याच गाडीतून लिटिल इंडियाला भाजीला गेलो. परत निघताना मी विचारलंच, "भाऊजी, इथे बर्फ दिसतो तो फक्त सरबताच्या ग्लासात. हे टायर कशाला?"

"असू देत, वहिनी."

"अहो, उन्हात लवकर झिजतात म्हणे!"

"झिजू देत." असं म्हणून ते डिकीत पिशव्या ठेवायला गेले.

गाडीत बसलेल्या त्यांच्या बायकोनं माझा हात धरला. "ताई, आमचा निखिल कॅनडात बर्फावरून गाडी घसरून गेला ना, त्याच्या आधी त्यानं फोन केला होता. बाबा, हिवाळ्याचे टायर घेऊ का? हे म्हणाले, तुझ्या गावात असा कितीसा बर्फ पडतो? यंदा राहू दे."

डिकी बंद झाली. गायकवाड येऊन बसले.

"टायर चांगलेत हो, भाऊजी," मी म्हटलं.

"चांगलेच आहेत," त्यांनी गाडी सुरू केली. "घ्यायला उशीर झाला."