बंपरवरचा भैरवनाथ

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न टाकतो. ज्याला स्वतःचं नाव सांगायचं नाही, त्यानं देवाचं नाव पुढं करावं का?

बघा! सगळ्यांच्या माना हलल्या — नाही, नाही, नाही! देवळात बसलं की प्रत्येकाचं उत्तर बरोबर येतं. घरी गेल्यावर ते बदलतं, तो भाग वेगळा! मृदंगवाले, हसू नका, तुम्हीही घरी जाणारच आहात.

आज मी पुराणातला राजा आणणार नाही, राक्षस आणणार नाही. आज मी जीपगाडी आणणार आहे! होय, जीपगाडी! त्या मागच्या खांबाजवळचे बाबा म्हणतायत, बुवांचं डोकं फिरलं. फिरलंय! संतापानं फिरलंय, म्हणून तर सांगतोय.

मावळपट्ट्यात घाटाच्या तोंडाशी एक गाव. नाव बदलून सांगतो, पिंपरवाडी म्हणा. तिथं गेनूआबा जोरी नावाचे गृहस्थ. भैरवनाथ देवस्थानचे पंच. पहाटेची काकडआरती कधी चुकली नाही, कुणाला वाकडा शब्द नाही. असा भला माणूस! आणि त्यांचा मुलगा विक्रांत. मुलगाही वाईट नव्हता हो! निर्व्यसनी. म्हणजे दारू नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच — गाडी!

कसली गाडी? उघडी जीप. टायर असे की शेजारी उभं राहिलं तर आपल्या छातीपर्यंत. पुढं बंपरवर लोखंडी दोराची चरखी — विंच म्हणतात तिला. गाडी चिखलात रुतली की दोर झाडाला बांधायचा, चरखी फिरवायची, गाडी बाहेर! आता मला सांगा, गाडी रुतते कशाला? कारण चांगला डांबरी रस्ता सोडून हे मुद्दाम चिखलात घालतात! ओढ्यात घालतात, डोंगरावर चढवतात. आमच्या आज्यानं बैलगाडी चिखलातून काढता काढता जन्म घालवला, आणि नातू पेट्रोल जाळून चिखल शोधतोय! बरं, असू दे. हौस आहे. हौसेला माझी ना नाही. ज्याची त्याची गाडी, ज्याचा त्याचा चिखल.

पण झालं काय, ओढ्यात गाडी घातली की पुढची नंबरप्लेट तुटायची. बसवली, तुटली. परत बसवली, परत तुटली. त्यात चरखी बसली आणि प्लेटला जागाच उरली नाही. विक्रांत म्हणाला, "मागं आहे की नंबर! पुढं कशाला पाहिजे?" मागं होता, पण चिखलानं असा माखलेला की वाचायला आधी खरवडावा लागेल!

घाटाखाली पोलीस चौकी. तिथं खुटवड हवालदार. उन्हात उभं राहून चेहरा रापलेला, आवाज मात्र मऊ. त्यांनी हात केला.

"दादा, पुढचा नंबर कुठाय?"

"तुटला ओ. डोंगरात तुटतो."

"डोंगरात असू द्या नसला तर. हा सरकारी रस्ता आहे. पुढं नंबर, मागं नंबर, दोन्ही दिसले पायजेत."

दंड झाला. पुढच्या खेपेला परत दंड. विक्रांतच्या मित्रांचीही हीच गत, त्या भागात तसल्या जीपा बऱ्याच. मग चहाच्या टपरीवर सगळे बसले आणि एकाच्या डोक्यातून कल्पना निघाली. अहाहा, काय कल्पना! ही अक्कल शेतीत लावली असती तर तालुका सुधारला असता!

नंबराच्या जागी पितळेची पाटी ठोकायची. चरखीच्या वर, बारीक, लांबट. आणि त्या पाटीवर काय? "श्री भैरवनाथ प्रसन्न."

झालं! देवाच्या भांड्यांना ठोके देणाऱ्या तांबटाकडून सगळ्यांनी एकसारख्या पाट्या करून घेतल्या. आणि हुशारी बघा, तेवढ्यावर थांबले नाहीत! यात्रेच्या दिवशी सगळ्या जीपा देवळापुढं ओळीनं लावल्या. गुरवाला बोलावलं. पाट्यांना पाणी घातलं, गुलाल लावला, हळद वाहिली, नारळ वाढवले. आता ती पाटी राहिली का? आता तो देव झाला! आता तिला पान्हा लावायची कुणाची छाती आहे?

गेनूआबा तिथंच उभे होते. मंडळी, त्यांचे डोळे भरून आले! "पोरगं देवाला लागलं," म्हणाले. कुणाला विचारलं नाही की नंबर कुठाय. बापाला मुलाच्या गाडीवर देव दिसला, आणि बापाचा राग, बापाची चौकशी, सगळं तिथंच विरघळलं. आपलंही असंच होतं की नाही? लेक कपाळाला गंध लावून घरी आला की आपण विचारत नाही, कुठून आलास!

यात्रा झाली. चार दिवसांनी विक्रांत घाट उतरला. खुटवडांनी हात केला.

"दादा, नंबर?"

"डोळे हायेत का? देव बसलाय तिथं!"

खुटवडांनी हात जोडले. आधी हात जोडले, हे लक्षात ठेवा! मग म्हणाले, "देवाला घरी न्या दादा. इथं धुराळा उडतो, चिखल उडतो, कुत्र्यामांजराचं रक्त उडतं. ही काय देव बसवायची जागा आहे? पाटी काढा, नंबर लावा. नाही काढली तर मला काढावी लागंल."

सांगा मंडळी, यात काय चुकलं? एक अक्षर दाखवा चुकलेलं! मी इतकी वर्षं कीर्तन करतो, देवाची इतकी काळजी करणारं वाक्य मीसुद्धा कधी बोललो नाही!

विक्रांत हटून बसला. खुटवडांनी पान्हा घेतला, एक नट सैल केला. एकच! आणि विक्रांतनं मोबाइल काढून त्याचं चित्रण केलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. देवाचा अपमान! हवालदारानं भैरवनाथाला पान्हा लावला! मोर्चा निघाला हो चौकीवर! भगवे झेंडे, घोषणा, आणि पुढं कोण? पंच म्हणून गेनूआबा! ज्या माणसानं कधी कुणाला अरे म्हटलं नाही, तो आवाज चढवून बोलला, "हवालदार, देवळात या. भैरोबापुढं नाक घासा, नारळ फोडा आणि सांगा, देवाच्या नावाला परत हात लावणार नाही!"

खुटवडांच्या वरच्या साहेबांनी काय केलं? साहेबांना गडबड नको होती. म्हणाले, "जाऊन या खुटवड. मिटवून टाका."

गेला बिचारा! गणवेश अंगावर, टोपी काखेत. देवळाच्या दगडी फरशीवर नाक घासलं. नारळ फोडला. माणसं टाळ्या वाजवत होती. अरे, लाज कशी वाटली नाही रे? जो माणूस नियम सांगत होता त्याचं नाक फरशीला, आणि जो नियम मोडत होता त्याच्या गळ्यात हार! आणि हे सगळं कुठं? देवाच्या डोळ्यांदेखत! मला त्या देवाची दया येते मंडळी. बोलता येत नाही म्हणून गप्प बसला. बोलता येत असतं तर गाभारा सोडून निघून गेला असता!

त्या दिवसापासून खुटवड बदलले. समोरून पितळेची पाटी आली की बाजूला व्हायचे, हात जोडायचे आणि गाडी सोडायचे. विक्रांत खूश. मित्र खूश. आणखी कुणीकुणी पाट्या करून आणल्या. खालच्या गावांनी आणल्या, पलीकडच्या खोऱ्यानं आणल्या. तांबटाचा धंदा बरा चालला!

आता ऐका. इथून पुढं हसू नका.

थंडीचे दिवस. घाटात सकाळी असं धुकं की हातातली काठी दिसू नये. गेनूआबांना तालुक्याला डोळे दाखवायला जायचं होतं. विक्रांत मुक्कामाला मित्राकडं होता. फोनवर म्हणाला, "आबा, फाट्यावर उभे राहा. मी येतो, तसेच जाऊ."

आबा फाट्यावर उभे राहिले. डोक्याला मफलर, हातात पिशवी. शेजारी सुलाबाईची चहाची टपरी. सुलाबाई म्हणाल्या, "आबा, आत बसा की, गारठा हाये."

"नको बाई. पोरगं येतंय. मी दिसलो नाय तर पुढं निघून जायचं."

घुरघुर आवाज आला. धुक्यातून दोन दिवे आले. दिव्यांच्या मधे पितळ चमकलं. आबांनी डोळे बारीक केले, जवळ येता येता वाचलं. श्री भैरवनाथ प्रसन्न! आलं पोरगं! आबा दोन पावलं रस्त्यात गेले आणि हात वर केला.

गाडी थांबली नाही.

थांबली नाही मंडळी! ती विक्रांतची गाडी नव्हतीच. दुसरीच कुणाची. चालवणाऱ्याला धुक्यात म्हातारा दिसला तेव्हा उशीर झाला, बंपरची ती चरखी आबांच्या कमरेत बसली आणि आबा टपरीच्या बाकड्यावर जाऊन आदळले. गाडी क्षणभर हळू झाली, असं सुलाबाई सांगतात. क्षणभर! म्हणजे त्याला कळलं होतं! आणि मग वेग घेतला.

विक्रांत आला तेव्हा बाप रस्त्याच्या कडेला, सुलाबाईच्या मांडीवर डोकं. आबा शुद्धीत होते. म्हणाले, "मला वाटलं तूच."

दवाखान्यात जीव वाचला. पण खुबा गेला, पाय गेले. काकडआरतीला न चुकणारा माणूस खाटेला खिळला तो कायमचा.

चौकशी सुरू झाली. सुलाबाईंना विचारलं, "नंबर काय?"

"नंबर कुठला साहेब? पुढं देवाचं नाव होतं. मागं चिखल होता."

तेवढ्यावर कुणाला धरणार? तसल्या पाट्या खोऱ्यात घरोघर! एकाच तांबटाच्या हातच्या, एकाच मापाच्या. पोलिसांनी जीपा बोलावल्या. सगळ्या कशा धुऊनपुसून चकचकीत! जन्मात जी गाडी धुतली नाही ती त्या आठवड्यात धुतली! विक्रांत एकेका मित्राच्या दारात गेला. हात जोडून विचारलं, "तू होतास का? मी काय करणार नाय, फक्त सांग." आणि प्रत्येकानं काय उत्तर दिलं ठाऊक आहे?

"भैरोबाची शपथ, मी नव्हतो!"

परत देवच! नंबर लपवायला देव, आता तोंड लपवायलाही देव! त्यातला कुणीतरी एक खोटं बोलला. कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. तो आजही कुठंतरी जेवतो, हसतो, यात्रेला येऊन गुलाल उधळतो.

मग विक्रांत चौकीवर गेला. सगळा राग खुटवडांवर काढला. "घाट उतरायला हा एकच रस्ता! ती गाडी तुमच्या समोरून गेली असणार! अडवली का नाही? कशाचा पगार खाता?"

खुटवड उठून उभे राहिले. आवाज तसाच मऊ.

"गेली दादा. माझ्या समोरूनच गेली. बातमी यायच्या आधी. गाडी जोरात होती, चालवणारा घाबरलेला दिसत होता. माझा हात वर गेला होता."

"मग?"

"मग पाटी दिसली. हात खाली घेतला आणि जोडला. तुमच्या वडलांनीच शिकवलं होतं मला, देवळात, सगळ्यांपुढं."

विक्रांत तिथंच खाली बसला. बापाला धडक मारणारा सुटला होता तो यानंच उघडलेल्या दारातून! याच्याच टोळक्याच्या कल्पनेतून, याच्याच नारळातून, याच्याच बापाच्या घोषणेतून!

आता तुमच्यातले काहीजण मनात म्हणतायत, देवानं बरोबर शिक्षा केली. ओळखलं की नाही? खबरदार! गाडी माणसानं चालवली, नंबर माणसानं काढला, पळून माणूस गेला. आणि तुम्ही धडक देवाच्या नावावर लिहिता? भैरवनाथ म्हाताऱ्याचे पाय मोडत बसलाय होय? अजून किती दडाल त्याच्यामागं?

विक्रांत घरी गेला. आबा म्हणाले, "ती पाटी काढ. मी गाडी बघितलीच नाय रे. मी पाटी बघून रस्त्यात गेलो." विक्रांतनं स्वतःच्या हातानं पान्हा लावला. पाटी धुतली, घरच्या देव्हाऱ्यात ठेवली. बंपर कापून चरखी खाली घेतली आणि नंबर असा लावला की लांबून वाचता यावा. मग आबांना खुर्चीत बसवून चौकीवर नेलं. आबांनी खुटवडांचे हात धरले आणि म्हणाले, "नाक घासायचं होतं ते माझं, हवालदार." खुटवड रडले. आबाही रडले. पण पाय आले का परत? नाही आले! माफीनं पाय येत नाहीत मंडळी, म्हणून तर मी चिडलोय!

आणि बाकीचे मित्र? बाकीच्यांच्या पाट्या अजून तशाच आहेत.

आता माझा प्रश्न फिरवतो, तुमच्याकडं. मघाशी माना हलवल्या ना? सकाळी या मंडपात येताना मी पायीच आलो. रस्त्याकडेला जीपा उभ्या आहेत. ट्रॅक्टर आहेत. मोटारसायकली आहेत. कुणाच्या पुढं "दादा" लिहिलंय, कुणाच्या पुढं वाघाचं तोंड, आणि कुणाच्या पुढं या मागच्या गाभाऱ्यातल्या देवाचं नाव. नंबर नाही! मालक इथंच बसलेत, टाळ्या वाजवतायत, विठ्ठल विठ्ठल म्हणतायत.

आज काल्याचं कीर्तन. वर हंडी बांधली आहे, ती मी फोडायची असते. नाही फोडणार! पंच, डोळे वटारू नका. मानधन नको, शाल-श्रीफळ परत घ्या. पान्हे आणा. ज्याची गाडी बाहेर आहे त्यानं उठावं, पाटी काढावी, देवाला कपाळाला लावून घरी न्यावं आणि पाटीच्या जागी आपला नंबर लावावा. आम्ही टाळकरी इथं उभे आहोत. जेवणं थांबू देत, ऊन डोक्यावर येऊ दे, दही नासलं तर नासू दे.

काय झालं? कुणीच उठत नाही? अहो, त्या म्हाताऱ्यानं विश्वासानं हात वर केला होता. तुमच्या वाटेवर आत्ता कोण हात वर करून उभं असेल?

उठा!